हेडर, मोटारगाडीचे
हेडर, मोटारगाडीचे : एंजिनाच्या सिलिंडरांतील जळालेले वायू वेगवेगळ्या पोलादी नळ्यांतून नेऊन पुढे एका मोठ्या नळीत एकत्र आणणारी रचना. नेहमीच्या गाड्यांत हे काम बिडाच्या आखूड ओतीव भागाकडे असे व त्यात एका सिलिंडराचे वायू दुसऱ्याच्या वाटेत येत.

घरी हेडर बनविण्याची हौस दक्षिण कॅलिफोर्नियात वाढली. मुरॉकच्या कोरड्या तळ्यावर तेथील तरुण आपल्या गाड्यांचा वेग अजमावीत. १९३७ मध्ये अशा चाचण्यांसाठी साउदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली. फोर्डचे १९३२ चे व्ही–८ एंजिन (३·६ लि., ६५ अश्वशक्ती) त्यांना परवडणारे होते. मात्र त्याचे निष्कास मार्ग ठोकळ्यातील पाण्याच्या आवरणातून जात व प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरांना तीनच तोंडे असत. एंजिन तापे ते यामुळे. हा दोष हेडरने जाण्यासारखा नव्हता.

झडप उघडताच निघालेला दाबतरंग नळीच्या उघड्या टोकापासून ऋण दाबाचा होऊन परततो. तो वेळेवर पोहोचल्यास सिलिंडरातील उरलेले वायू ओढले जातात. म्हणून नळ्या समान लांबीच्या असाव्यात असे सांगतात. जुन्या गाडीत सुकाणूचा दंड व सांगाडा आड येत असल्याने हे क्वचितच साधते. रस्त्यावरील गाडीचे त्यावाचून फारसे अडतही नाही.

सु. १० मिमी. जाड पट्टी एंजिनाला बोल्टांनी आवळून तीवर वाकविलेल्या नळ्यांचे तुकडे प्रथम केवळ टाके देऊन जोडतात. पूर्ण वितळजोडकामानंतर वाकलेली पट्टी घासून सपाट करावी लागते. जस्तलेपित नळी टाळतात, कारण तिच्या धुराने ज्वर येतो.