पुणे-प्रकाराचा सूक्ष्मजंतू : एका वृक्षरोगाच्या नामाचा व ज्ञानाचा इतिहास

रोगास मिळालेले नाव पुष्कळदा त्या रोगाविषयीच्या तत्कालीन ज्ञानाची सीमा दर्शवीत असते. संत्री, मोसंबी इत्यादी लिंबूवर्गीय झाडांस ग्रासणाऱ्या एका रोगाच्या बाबतीत हे विशेष स्पष्टपणे दिसून येते. दक्षिण आफ्रिकेत फळाचा काही भाग हिरवाच राहतो म्हणून ह्या रोगास ‘ग्रीनिंग’ म्हटले गेले. दक्षिण चीनमध्ये ‘हुआंगलाँगबिंग’ हे नाव रूढ झाले. ह्यातील ‘लाँग’ शब्दाचा प्रमाण चिनी भाषेतील अर्थ ‘ड्रॅगन’ असा असल्याने ‘पीत ड्रॅगनचा रोग’ असे त्याचे भाषांतर जगभर झाले. परंतु चाओशान बोलीत तोच शब्द झाडाच्या कोवळ्या फुटीस लावतात. म्हणजे बागायतदारांच्या मूळ नावात ड्रॅगन नसून पिवळी पडलेली फूटच होती. भारतात झाड शेंड्याकडून वाळत येते एवढेच ध्यानात घेऊन ‘डायबॅक’ हा शब्द वापरला गेला. ही सर्व नावे लक्षणांची होत. कारणाचा उच्चार त्यांपैकी एकातही नाही.

ह्या उणिवेचे परिणाम केवळ शाब्दिक नव्हते. बीड जिल्ह्यातील पालीचा परिसर घ्यावा. तेथे बिंदुसरा नदीवर धरण झाले, ह्याचे कारणच पाण्याचे दुर्भिक्ष होय. अशा अल्पपर्जन्य प्रदेशात झाड पिवळे पडू लागले की पहिला संशय पाण्यावर, दुसरा जमिनीवर व तिसरा बागायतदाराच्या निगराणीवर येणे स्वाभाविक ठरते. त्यातच जस्ताच्या अभावी पडणारा पिवळेपणा ह्या रोगाच्या पिवळेपणाशी बराच मिळताजुळता असतो. भेद असा की, जस्ताच्या अभावी पानाच्या मध्यशिरेच्या दोन्ही बाजू बहुधा सारख्याच पिवळ्या पडतात, तर रोगामुळे उमटणारे चट्टे दोन्ही बाजूंस विषम असतात. पहिल्या प्रकारात खत उपयोगी पडते. दुसऱ्यात खताचा खर्च वाया जाऊन शेजारची झाडेही हातची जातात.

कारणाच्या शोधात महाराष्ट्राचा वाटा महत्त्वाचा आहे. भारतातील ‘डायबॅक’च्या मुळाशी ग्रीनिंग रोगच असावा, असे मत फ्रेझर व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी 1966 साली मांडले. पुढच्याच वर्षी पुण्याच्या कृषिसंशोधन केंद्रातील कपूर, राव व विश्वनाथ ह्यांनी सिट्रस सायला ही कोवळ्या फुटीचा रस शोषणारी लहानशी कीड हा रोग झाडाझाडांत पसरविते, असे दाखवून दिले. रोगट झाडाची डोळकाडी वापरून कलम केल्यासही रोग पसरतो, हे लिन ह्यांनी चीनमध्ये 1956 सालीच सिद्ध केले होते. तेव्हा रोगाला दोन वाटा ठरल्या : एक किडीची व दुसरी खुद्द रोपवाटिकेची.

तथापि रोगकारक कोण, हा प्रश्न उरलाच होता. प्रारंभी तो विषाणू मानला जाई. 1970 साली फ्रान्समधील लाफ्लेश व बोव्हे ह्यांना रोगट झाडाच्या परिकाष्ठात, म्हणजे अन्नरस वाहून नेणाऱ्या ऊतीत, सूक्ष्मदेह आढळले. त्यांस कोशिकाभित्ती असून ते सूक्ष्मजंतूच होत, हे पुढे स्पष्ट झाले. पण प्रयोगशाळेत त्यांची वाढ करता येईना. ही अडचण डीएनएच्या अभ्यासाने ओलांडली. पुण्याहून मिळालेला प्रकार सदाफुलीच्या झाडांत राखून त्याचे डीएनए-खंड फ्रेंच संशोधकांनी वेगळे केले. 1994 साली ह्या ‘पूना’ प्रकाराची दक्षिण आफ्रिकेतील ‘नेल्सप्रूट’ प्रकाराशी तुलना होऊन दोन भिन्न जाती निश्चित झाल्या व आशियाई जातीचे वर्णन पुण्याच्या प्रकारावरून झाले. शहराचे नाव अधिकृतपणे ‘पुणे’ झाले, तरी शास्त्रीय साहित्यात ह्या प्रकाराचे ‘पूना’ हे रूप टिकून राहिले.

नव्या प्रजातीस लॅटिनमधील ‘लीबर’, म्हणजे झाडाची अंतर्साल, ह्या शब्दावरून ‘लिबेरोबॅक्टर’ म्हटले गेले. 2000 साली त्याचे ‘लिबेरिबॅक्टर’ झाले. त्याआधी ‘कँडिडाटस’ हे पद जोडावे लागते. रोमन उमेदवार शुभ्र वस्त्र परिधान करीत, त्यावरून आलेले हे पद. ज्याची शुद्ध वाढ करता आलेली नाही, असा सूक्ष्मजंतू नामकरणशास्त्रात उमेदवारच राहतो.

2009 साली अमेरिकेत, फ्लॉरिडातील एकाच रोगग्रस्त किडीच्या देहातून काढलेल्या डीएनएवरून, ह्या आशियाई जातीची संपूर्ण जनुकसंहिता वाचली गेली. ती सुमारे 12.3 लाख मूलक-जोड्यांची आहे. आतड्यातील परिचित ई. कोलाय सूक्ष्मजंतूच्या प्रयोगशाळीय के-12 प्रकाराची सुमारे 46 लाखांची असते. परावलंबी जीवनात अनेक जनुके नाहीशी झालेली दिसतात. उलट आश्रयदात्याच्या कोशिकेतील तयार ऊर्जाद्रव्य आत ओढून घेणारे वाहक प्रथिन त्याच्यापाशी आहे. कृत्रिम पोषकावर त्याची वाढ इतकी अवघड का ठरली, ह्याचे काहीसे स्पष्टीकरण येथे मिळते. 

जनुकसंहितेने रोगावर औषध दिले नाही. मात्र ज्ञात डीएनए-क्रमांवर आधारलेल्या चाचणीने लक्षणे दिसण्यापूर्वीच मातृवृक्ष तपासता येतो आणि निरोगी डोळकाडी निवडता येते. फळावर येण्यास अनेक वर्षे घेणाऱ्या बागेच्या दृष्टीने लागवडीपूर्वीची ही एक परीक्षा नंतरच्या सर्व उपचारांहून अधिक मोलाची होय. पिवळ्या पानाचा दोष पाण्याचा, जमिनीचा की जंतूचा, ह्याचा निर्णय आता अनुमानावर सोडण्याचे कारण राहिलेले नाही; ती परीक्षा रोपवाटिकांपर्यंत नियमाने पोहोचविणे, एवढे कार्य शेष आहे.