बनारसची घरपट्टी : १८१०–१२

कर बसविणे हे जितके हिशेबाचे, तितकेच ते सांगण्याचे काम आहे. ज्या अधिकाऱ्याला तो प्रत्यक्ष वसूल करावयाचा असतो, त्याला हे फार लवकर कळते. ज्या सचिवालयात त्याचा मसुदा होतो, तेथे उशिरा. बनारसच्या घरपट्टीची हकीकत या दृष्टीने वाचण्यासारखी आहे.

१८१० सालच्या पंधराव्या विनियमाने कंपनी सरकारने बनारस, पाटणा, मुर्शिदाबाद आदी शहरांतील घरांवर व दुकानांवर कर लावला. घरांच्या वार्षिक भाड्यावर ५ टक्के आणि दुकानांच्या १० टक्के असा दर होता. आकडा पाहता तो अवाच्या सवा म्हणता येणार नाही. परंतु बनारसमध्ये मोहल्ल्यांची दारे आणि चौकीदार यांचा खर्च ‘फाटकबंदी’च्या रूपाने रहिवासी आधीच उचलीत होते. मग नवा पैसा कशासाठी, हे त्यांना कोणी सांगितले नाही. शिवाय १८०९ च्या लाट भैरवाच्या दंग्याला जेमतेम वर्ष लोटले होते. अशा शहरात घरोघर मोजणीदार पाठविण्यापूर्वी चार वजनदार माणसांशी बोलून घ्यावे, एवढे व्यवहारज्ञान कलकत्त्याला सुचू नये याचे नवल वाटते.

डिसेंबर १८१० च्या अखेरीस दुकाने बंद झाली. लोहारांनी पुढाकार घेतला. पाठोपाठ न्हावी, शिंपी, कहार कामावरून उठले. गावोगाव धर्मपत्री फिरली आणि घरटी एक माणूस बोलावला गेला. अंत्यविधी करणारे मिळेनात, म्हणून प्रेते तशीच गंगेत सोडावी लागल्याचे प्रभारी मॅजिस्ट्रेट बर्ड याने कळविले आहे. वीस हजारांहून अधिक लोक धरणे धरून बसल्याचे तो लिहितो. पुढे १८२४ मध्ये बिशप हेबर येथे आला, तेव्हा हीच संख्या तीन लाखांवर असल्याचे त्याच्या कानी आले. (जमावाचे आकडे आजही असेच वाढतात, हे बंदोबस्तावर राहिलेल्यांना ठाऊक आहे.) लक्षणीय गोष्ट ही की दंग्यात परस्परांवर उठलेले हिंदू व मुसलमान येथे एका बाजूला होते.

रहिवाशांनी अर्ज केला. मुद्रांक, न्यायालयीन शुल्क व जकाती यांनी सारे आधीच गांजले असता हा कर जखमेवर मीठ आहे, असा त्याचा आशय होता. प्रांतिक न्यायालयाने मजकूर आणि भाषा दोन्ही बेअदबीची ठरवून तो फेटाळला. माझ्या मते प्रकरण बिघडले ते येथे. प्रजेला आपले म्हणणे मांडण्याचा जो एकमेव रीतसर मार्ग होता, तोच शैलीच्या कारणाने बंद झाला.

बर्डची अडचण समजून घेतली पाहिजे. शहर त्याच्यासमोर बसलेले आणि निर्णय कलकत्त्यात. डाक जाऊन उत्तर येईपर्यंत परिस्थिती पालटलेली असे. त्याच्याजवळ जाहीरनामे होते, पलटण होती. ‘होय’ म्हणण्याचा अधिकार मात्र नव्हता. सरकारची भूमिका अशी की गलबल्यापुढे नमून कर सोडणे अत्यंत अनिष्ट. तरीही जानेवारी १८११ मध्ये धार्मिक वास्तू आणि गरिबांची घरे वगळण्याचे त्यानेच ठरविले. सवलत द्यावयाची, पण ती दिल्यासारखी दिसू द्यावयाची नाही, असा हा पेच होता. लोकांनी त्यावर विश्वास का ठेवावा?

जमाव अखेर पांगला तो थकव्याने, थंडीने आणि काशिनरेश उदितनारायण सिंह यांच्या मध्यस्थीने. महाराजांपाशी सैन्य नव्हते, विनियम रद्द करण्याची सत्ताही नव्हती. पण त्यांचा शब्द शहरात चालत असे, आणि सरकारने तो वापरला. मात्र वापरला तो लोकांना घरी पाठविण्यासाठी. त्यांचे गाऱ्हाणे ऐकण्यासाठी तोच शब्द महिनाभर आधी कामी आला असता.

१८१२ च्या सातव्या विनियमाने हा कर रद्द झाला. धर्मपाल यांनी जुन्या सरकारी दप्तरांतून हा पत्रव्यवहार शोधून काढला आणि १९७१ मध्ये त्यावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. ते छापले सर्व सेवा संघ प्रकाशनाने, वाराणसीतच.