मांजरावर सोडलेला दोर

युसूफ वडगाव बीडच्या केज तालुक्यातलं. मांजरा धरणाचं धनेगावही याच तालुक्यात. एरवी हे धरण बातमीत येतं ते कोरडं पडल्यावर. २८ सप्टेंबर २०२१ ला मात्र, ‘गुलाब’ चक्रीवादळाच्या उरलेल्या पावसात, त्याचे सगळे १८ दरवाजे उघडावे लागले. नदीकाठची माणसं अडकली. हेलिकॉप्टरने उस्मानाबाद जिल्ह्यात १६ जणांना काढलं, लातुरात ३. बातम्यांत ते ‘एनडीआरएफचं हेलिकॉप्टर’ झालं. पण एनडीआरएफकडे स्वतःची हेलिकॉप्टरं नसतात. ती येतात बहुतेकदा हवाई दलाकडून.

यातली खरी कसरत व्हिडिओत दिसत नाही. पायलटला पोटाखालचं काहीच दिसत नसतं. दाराशी ओणवा झालेला विंचवाला ‘पुढे, अजून थोडं, थांब’ सांगतो, त्याच्या शब्दावर मशीन हवेत थांबतं. उडताना त्यावर वीज साठते, म्हणून आकडा आधी जमिनीला किंवा पाण्याला टेकू द्यायचा, मग धरायचा. घाबरलेला माणूस नेमका आधी झडप घालतो. त्यामुळे अनेकदा एक जवानच आधी खाली उतरतो.

त्याच पुरात लातुरात ४७ जण बोटीने निघाले. हेलिकॉप्टर लागतं ते बोट उलटेल अशा धारेत. मराठवाड्यात ते दूरच्या तळावरून येतं. तोवर छतावरच्यांनी पाण्याकडे बघत बसायचं.