शुश्रूषा आणि चरितार्थ : वृद्धसेवेच्या इतिहासातील दोन शब्द

वृद्धांच्या सेवेचा इतिहास लिहावयाचा तर आश्रम, रुग्णालये व कायदे यांची जंत्री पुरेशी होत नाही. त्या सेवेस समाजाने कोणती नावे दिली आणि त्या नावांचे अर्थ कसे पालटत गेले, हेही पाहावे लागते. प्रस्तुत टिपणात अशा दोन शब्दांचा विचार करावयाचा आहे.

'शुश्रूषा' हे 'श्रु' धातूचे इच्छार्थक रूप होय. जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा, पिण्याची इच्छा ती पिपासा, तशी ऐकण्याची इच्छा ती शुश्रूषा. गुरूजवळ बसून ऐकू इच्छिणारा शिष्य गुरूची कामेही करी. त्यामुळे श्रवणेच्छेला आज्ञापालनाचा व पुढे सेवेचा अर्थ चिकटला. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात माता, पिता व आचार्य या तिघांच्या शुश्रूषेस श्रेष्ठ तप म्हटले आहे. परंतु त्याच ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात इतर तीन वर्णांची शुश्रूषा हेच शूद्राचे एकमेव कर्म ठरविले आहे. तेथे ऐकणे उरले ते केवळ हुकूम ऐकण्यापुरते. या शब्दाचा इतिहास सर्वस्वी गौरवास्पद नाही, हे विसरून चालणार नाही.

वैद्यकात मात्र मूळ अर्थाचा धागा दुसऱ्या रीतीने टिकलेला दिसतो. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, उपस्थाता व रोगी. उपस्थाता म्हणजे परिचारक. त्याच्या गुणांत उपचाराचे ज्ञान, दक्षता व शुचिता यांबरोबर अनुराग येतो. रोग्याच्या गुणांत ज्ञापकत्व, म्हणजे आपली व्यथा सांगता येणे, याची गणना आहे. सांगणे हा रोग्याचा गुण मानला, तर ते ऐकणे हे कोणाचे तरी कर्तव्य ठरते.

आधुनिक वार्धक्यवैद्यकाचा आरंभही याच जाणिवेशी निगडित आहे. इ. स. १९३५ मध्ये लंडननजीकच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जरी वॉरेन यांच्याकडे शेजारच्या दरिद्रालयातील ७१४ रुग्ण आले. त्यांतील बहुतेक वृद्ध होते आणि 'असाध्य' म्हणून अंथरुणातच ठेवलेले होते. वॉरेन यांनी प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी केली, त्यांना उठविले, चालविले. कित्येक जण घरी परतण्याजोगे झाले. १९४३ व १९४६ मध्ये त्यांनी आपले अनुभव लेखरूपाने मांडले. औषधांत फारसा पालट झाला नव्हता. पालटली होती ती रुग्णाकडे पाहण्याची दृष्टी.

आता दुसरा शब्द. संस्कृतात 'चरितार्थ' म्हणजे ज्याचे प्रयोजन सफल झाले आहे असा. मराठीत त्याचा अर्थ उदरनिर्वाह एवढाच राहिला. २००७ च्या केंद्रीय अधिनियमाच्या मराठी नावात आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या संदर्भात हाच शब्द योजलेला आहे. अन्न, वस्त्र, निवास व वैद्यकीय उपचार यांचा त्याच्या व्याख्येत समावेश होतो. निराधार वृद्धाला न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, ही मोठीच प्राप्ती होय. तथापि त्यातील 'अपत्य' या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू व नात यांचा उल्लेख आहे. अनेक घरांत जिच्यावर हे काम प्रत्यक्ष पडते त्या सुनेचा नाही. तिच्या वाट्याला शुश्रूषेचा तो जुना, आज्ञापालनाचा अर्थच येत राहतो.

चरितार्थ मोजता येतो, म्हणून तो कायद्यात बसतो. वृद्धाचे म्हणणे ऐकून घेण्याची इच्छा मोजता येत नाही. तिची सक्तीही करता येत नाही. म्हणूनच कायद्याने पहिल्याची हमी दिल्यावर दुसरीची जबाबदारी संपली, असे समाजाने मानू नये. ज्याला दोन वेळचे अन्न मिळते, परंतु ज्याचे कोणी ऐकत नाही, त्याचे भरणपोषण झाले असेल. शुश्रूषा झाली असे भाषेच्या साक्षीने तरी म्हणता येत नाही.