व्हिएन्ना नगरीचा घाव

ब्रिजच्या खेळाविषयी आपल्या सुशिक्षित घरांत दोन तक्रारी ऐकू येतात. या खेळात वेळ फुकट जातो ही एक. आणि ज्याला एक्के-राजे आले तो जिंकला, त्यात बुद्धीचे काम ते काय, ही दुसरी. पहिलीस आमच्यापाशी उत्तर नाही. दुसरीचे उत्तर मात्र डावाच्या शेवटच्या चार-पाच हातांत सापडते, आणि त्या हातांस एक इतिहासही आहे.

डावाच्या आरंभी ज्याची पाने भारी त्याची सरशी व्हावी, हे स्वाभाविकच होय. पण पाने संपत आली म्हणजे एक चमत्कारिक अवस्था येते. बोली जिंकून डाव खेळणाऱ्यापाशी एका रंगाचे एक्का व राणी आहेत आणि राजा त्याच्या डावीकडील प्रतिपक्ष्यापाशी आहे, असे समजा. आपण होऊन राणी लावली तर राजा तिला खाणारच. म्हणून कुशल खेळाडू त्या प्रतिपक्ष्याजवळील इतर रंगांची निरुपद्रवी पाने आधी काढून घेतो व मग जाणूनबुजून एक हात त्यास देतो. आता उतारी त्याची. पण राजाच्या रंगाखेरीज उतरण्यास त्याच्यापाशी काही उरलेले नाही. तो राजा उतरो वा दुर्री, एक्का व राणी दोघेही हात करतात. शत्रूस जिंकू देऊनच त्यास कोंडण्याची ही रीत आहे.

याहून सूक्ष्म प्रकार तो व्हिएन्नाचा. ब्रिजचा पूर्वज जो व्हिस्ट, त्यावर एडमंड हॉइलने 1742 साली इंग्रजीत छोटेखानी ग्रंथ लिहिला व पुढे शंभर वर्षे युरोपातील सभ्य समाज त्याच खेळात रमला. इंग्रज पार्लमेंटातील हल शहराचे प्रतिनिधी जेम्स क्ले हे त्या काळचे नामांकित खेळाडू. व्हिएन्नातील सर्वश्रेष्ठ खेळाडूने केलेली एक करामत त्यांनी प्रसिद्ध केली, आणि ती ‘व्हिएन्ना कू’ म्हणून रूढ झाली. ‘कू’ म्हणजे फ्रेंचांचा घाव. करणाऱ्याचे नाव त्या घावास चिकटले नाही, त्याच्या नगरीचे चिकटले.

बिनहुकमी डाव असून प्रत्येकापाशी चार पाने उरली आहेत, अशी कल्पना करावी. भिडूच्या उघड्या पानांत बदामाचा एक्का, चौकटचे एक्का व गुलाम आणि किल्वरची दुर्री. खेळणाऱ्याच्या हाती बदामाची राणी व तिर्री, चौकटची पंजी आणि किल्वरचा एक्का. एका प्रतिपक्ष्यापाशी बदामाचे राजा व अठ्ठी आणि चौकटचे राजा व राणी. दुसऱ्याची पाने कुचकामी. उतारी उघड्या पानांतून आहे, आणि चारही हात हवे आहेत. नवशिका बदामाचा एक्का जपून ठेवील, कारण तो खेळताच प्रतिपक्ष्याचा राजा सर्वांत मोठा होतो. व्हिएन्नाचा खेळाडू तोच एक्का आधी खेळून टाकतो! मग दुर्रीवरून किल्वरचा एक्का. त्यावर प्रतिपक्ष्यास एक पान टाकणे भाग. बदामाचा राजा टाकला तर राणी मोकळी. चौकटचे चित्र टाकले तर एक्क्याखाली दुसरे पडून गुलाम मोकळा. उलट किल्वरचा एक्का आधी खेळला असता, तर प्रतिपक्ष्याने बदामाची अठ्ठी सुखाने टाकली असती. मग बदामाच्या एक्क्याखाली राजा पडला तरी मोठी झालेली राणी, तिच्याकडे परतण्याची वाट नसल्याने, हातातच कुजली असती. वाचकांनी पाने मांडूनच पाहावे; आम्हांसही प्रथम ते मांडल्यावाचून पटले नव्हते.

व्हिस्टमध्ये भिडूची पाने झाकलेली असत, त्यामुळे असले घाव विरळाच. 1886 साली लंडनमध्ये ‘बिरिच अथवा रशियन व्हिस्ट’ या नावाची पुस्तिका निघाली. तीतील खेळात भिडूची पाने उघडी मांडत. खेळणाऱ्यास सव्वीस पाने दिसू लागताच अंतिम कोंडी ही शिकण्याजोगी विद्या झाली. 1925 साली व्हँडरबिल्टने जहाजावरच्या प्रवासात काँट्रॅक्ट ब्रिजचे नियम बसविले. त्यांत बोलीत कबूल केलेल्या हातांनाच खरे मोल आले आणि एकेका हातासाठी जीव टाकणे सुरू झाले. वर वर्णिलेल्या कोंडीस ‘स्क्वीझ’ हे नाव सिडनी लेन्झ या अमेरिकन खेळाडूने दिले. 1931-32 च्या हिवाळ्यात 150 रबरांच्या गाजलेल्या सामन्यात ईली कल्बर्टसनने ज्यास हरविले, तोच हा लेन्झ. नाव देणाऱ्याचे नाव पराभवामुळेच अधिक स्मरणात राहावे, ही गंमतच म्हणावयाची.

हाच कल्बर्टसन आपला संघ घेऊन 1937 साली बुडापेस्ट येथे जगज्जेतेपदासाठी उतरला आणि ऑस्ट्रियाकडून हरला. त्या विजयी संघाचा सूत्रधार व्हिएन्नाचा डॉक्टर पॉल स्टर्न. स्त्रियांचे जेतेपदही ऑस्ट्रियानेच नेले. त्या संघात रिक्सी मार्कुस ही तरुणी होती. त्या यशाचे श्रेय स्टर्नच्या बोलीपद्धतीस देण्याची चाल आहे. आम्हांस ते अपुरे वाटते. ज्या नगरीत पिढ्यान्‌पिढ्या कॉफीगृहांतून पत्ते खेळले जात, तेथे नुसती बोली शिकून कोणी मोठा होत नसे.

एक वर्षही लोटले नाही तोच, 1938 च्या मार्चमध्ये, हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. स्टर्न लंडनला निसटला व तेथेच 1948 साली वारला. रिक्सी मार्कुसही त्याच वर्षी लंडनला पोहोचली. तेथे तिला व्हिएन्नातून आलेली दुसरी निर्वासित फ्रिट्झी गॉर्डन ही भिडू मिळाली. दोघींनी 1962 साली व पुन्हा 1974 साली स्त्रियांच्या जोड्यांचे जगज्जेतेपद मिळविले, ते ब्रिटनच्या नावावर.