फुकट मिळाली तरी

जुनी गाडी घ्यायचा विषय निघाला की सल्ला देणाऱ्या प्रत्येकाला एक वाक्य तोंडपाठ असतं: गाडीच्या किमतीपेक्षा जास्त पैसा गाडीत घालू नये. माझ्या भाच्याने पनवेलजवळ कळंबोलीच्या एका गॅरेजात ताडपत्रीखाली धूळ खात पडलेली सॅन स्टॉर्म पाहिली, आणि आठवडाभरात घरच्या-दारच्या सहा जणांनी त्याला हेच वाक्य ऐकवलं. सातवा नंबर माझा होता. पण ते वाक्य ओठांवर येताच मला वाटलं, हे खरं आहे का, हे आपण कधी तपासलंय का?

आधी गाडीविषयी. सॅन मोटर्सची स्टॉर्म म्हणजे दोन सीटची, फायबरग्लासच्या अंगाची छोटी स्पोर्ट्स कार. आत रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन, ताकद साठ अश्वशक्तीच्या आसपास. आजची साधी हॅचबॅकही तिला एक्सप्रेस-वेवर सहज मागे टाकेल. फार विकली गेली नाही, आणि आता तिचं उत्पादनही होत नाही. म्हणून ती स्वस्त मिळते, आणि म्हणूनच तिच्यावर खर्च करावा का, हा प्रश्न पडतो.

पूर्वपक्षाला न्याय देऊन बोलायचं तर त्याचं गणित चोख आहे. समजा, गाडी दीड लाखाला मिळाली, तिच्यावर चार लाख घातले आणि विकायला काढल्यावर अडीच लाख आले. तीन लाखांचा खड्डा. शिवाय जुन्या गाडीचं काम अंदाजपत्रकात कधी राहत नाही. ब्रेक उघडला की बेअरिंग दिसतं, बेअरिंग काढलं की बुश. हे सगळं मान्य. माझा आक्षेप गणिताला नाही. हे गणित ज्या प्रश्नाचं उत्तर देतं, तो प्रश्न आपला आहे का, एवढंच मी विचारतो.

हे वाक्य मुळात येतं कुठून? मला ते विम्याच्या दप्तरातलं वाटतं. अपघातातल्या गाडीचा दुरुस्तीखर्च पॉलिसीत धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, की विमा कंपनी ती गाडी ‘टोटल लॉस’ धरते. कंपनीच्या तिजोरीसाठी हा नियम रास्तच आहे. तिला गाडी चालवायची नसते, पैसे चुकते करून मोकळं व्हायचं असतं. पण ज्याला रविवारी पहाटे टप उघडून कर्नाळ्याच्या वळणांवरून जायचंय, त्याने सर्व्हेयरची फूटपट्टी का उसनी घ्यावी? बाजारभाव म्हणजे दुसरा माणूस देईल ती किंमत. जो विकणारच नाही, त्याच्या लेखी तो आकडा गौण. नवी गाडी शोरूमच्या बाहेर पडताक्षणी उतरते, वर पाच-सात वर्षं हप्ते जातात. तिथे कुणी ‘खड्डा’ म्हणत नाही. तिथे त्याला गाडी वापरण्याचा खर्च म्हणतात.

यावर शौकीन मंडळी खूश होतील, पण त्यांचाही पक्ष मला मान्य नाही. ते म्हणतात, ‘घ्या, दुर्मीळ गाडी आहे, उद्या भाव येईल.’ म्हणजे फूटपट्टी तीच, फक्त उलटी धरलेली. शिवाय दुर्मीळ असणं हा गुण मानायचा की दोष, हेही ठरवायला हवं. इंग्लंडमधली एमजीबी ही स्पोर्ट्स कार टिकली ती दुर्मीळ होती म्हणून नव्हे, मुबलक होती म्हणून. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेजने जुन्याच साच्यांवर तिचा अख्खा नवा सांगाडा बनवून विकायला सुरुवात केली. जपानमध्ये माझ्दाने आपल्या पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ साठी स्वतःच जीर्णोद्धाराची सोय उभी केली. स्वस्त स्पोर्ट्स कार सुट्या भागांवर जगते. कौतुकावर कुठलीच गाडी जगत नाही.

म्हणून माझं मत असं, की गाडीची किंमत विचारूच नये. तीन गोष्टी विचाराव्यात: सांगाडा, सुटे भाग आणि कागद.

सांगाड्यापासून सुरुवात करू. ‘फायबरची बॉडी, गंजायची भीती नाही’ असं विकणारा सांगतो, आणि ते अर्धंच खरं आहे. वरचं अंग गंजत नाही. पण ते ज्याच्यावर बसलंय ते पोलादच आहे, आणि पनवेलचा पाऊस व खाडीची दमट हवा पोलादाला सोडत नाही. उलट पत्र्याच्या गाडीचा गंज पापुद्रे सुटून बोंब मारतो. इथे तो तुकतुकीत फायबरखाली गुपचूप बसतो. भाच्याला घेऊन मी गॅरेजात गेलो आणि गाडी रॅम्पवर चढवायला लावली. मिस्त्रीने छोटी हातोडी घेऊन चासी ठोकत नेली. पुढून टण्, टण्, टण्. मागच्या चाकाजवळ आवाज बदलला: थप्. त्याने तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबला, तर काळ्या रंगाखालून तपकिरी भुगा सांडला. मग त्याने गालिचा उचलून खाली चिखलाची रेघ आहे का तेही पाहिलं. २६ जुलै २००५ ला गाढी नदीचं पाणी पनवेलमध्ये शिरलं होतं. त्या काळातली गाडी असेल तर ही सवय बरी.

वरच्या अंगाला मात्र इथे डॉक्टर आहेत. कोकण किनाऱ्यावर आता फायबरच्या होड्या सर्रास दिसतात. त्यांना मॅट आणि रेझिन लावून ठिगळ देणारा उरण-करंजाकडचा कारागीर स्टॉर्मचा तडकलेला दरवाजा शहरातल्या डेंटरपेक्षा बरा जोडेल. त्याला लांबी भरून रंग मारायची सवय नसते, कारण त्याचं काम पाण्यात तपासलं जातं.

सुट्या भागांचं दुखणं इंजिनात आहे. हे इंजिन रेनोच्या ट्विंगो आणि क्लिओत होतं. आपल्याकडच्या लोगनमध्ये ते नव्हतं. बुश, होज, ब्रेक शू लेथवाला किंवा बाजार जमवून देईल. पण हेड गॅस्केट, सेन्सर बाहेरून मागवायची तयारी हवी. शिवाय पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, त्यामुळे इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या पहिल्याच दिवशी बदलायच्या.

कागदांबाबत तर अफवाच जास्त. ‘१५ वर्षं झाली, आता भंगारच’ हा दिल्ली परिसराचा नियम. मुंबईतून २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली, ती टॅक्सीच्या २० वर्षांच्या मर्यादेमुळे. खासगी गाडीला महाराष्ट्रात पासिंग करून पाच-पाच वर्षांची मुदतवाढ मिळते. २० वर्षांपुढच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी १०,००० रुपये पडतात, पर्यावरण कर वेगळा. खरा काटा उशिराचा: दरमहा ५०० रुपये, म्हणजे चार वर्षं ताडपत्रीखाली गेली तर २४,०००. व्हिंटेजची सवलत मागायला गाडी ५० वर्षांची लागते. स्टॉर्मला अजून खूप वेळ आहे.

उरला ‘जीर्णोद्धार’ हा शब्द. आपल्या गावोगावच्या देवळांचं या शब्दाने काय केलं, ते आपण पाहिलंय: लाकडी सभामंडप पाडून स्लॅब, दगडी खांबांना ऑइल पेंट, गाभाऱ्यात टाइल्स. जुन्या गाडीचंही तसंच होतं. चकचकीत रंग, नवी सीटं, मोठी चाकं. आणि ब्रेकची नळी तीच. चार लाखांचा आकडा बहुधा या हौसेचा असतो. चालती ठेवायला लागतात ब्रेक, टायर, नळ्या, वायरिंग आणि सांगाड्याचं वेल्डिंग. रंग थांबू शकतो.

भाच्याने रॅम्पखालून बाहेर येत विचारलं, ‘मामा, मालक किंमत निम्मी करायला तयार आहे. आता घेऊ?’

मी मिस्त्रीकडे पाहिलं. तो म्हणाला, मागची आडवी पट्टी एवढीच सडली असेल तर कापून नवी घालता येईल. चासीच्या मुख्य नळीपर्यंत गंज गेला असेल तर नाही. ते पाहायला मागचं चाक आणि फायबरची कड उतरवावी लागेल, एक दिवस जाईल. मी भाच्याला म्हटलं, ती कड उतरू दे. नळी शाबूत असेल तर मालक मागेल ती किंमत दे. सडली असेल, तर फुकट मिळाली तरी घेऊ नकोस.