पेशीश्वसनातील ऑक्सिजन आणि कमला सोहोनी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

पेशीश्वसनात अन्नद्रव्यांतून निघालेले इलेक्ट्रॉन अखेरीस ऑक्सिजन स्वीकारतो व पाणी तयार होते. ते वाहून नेणारी सायटोक्रोम प्राणी, यीस्ट व वनस्पती यांत समान असल्याचे डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये मांडले. वनस्पतींतील सायटोक्रोम सी व त्याचा श्वसनातील सहभाग केंब्रिज येथे बटाट्यावरील संशोधनातून दाखविण्याचे श्रेय कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या भागवत) यांचे होय. या कार्यासाठी १९३९ मध्ये त्यांना पीएच. डी. मिळाली. तत्पूर्वी १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना स्त्री म्हणून प्रवेश नाकारला होता. त्यांनी आग्रह धरला, तेव्हा तो अटींवर मिळाला. नांदेड-लातूरच्या विज्ञानवर्गांत पेशीश्वसन शिकविताना केलिन यांच्यासमवेत सोहोनी यांचाही उल्लेख होणे इतिहासदृष्ट्या आवश्यक ठरते.